अण्णांचा तिसरा राउंड

“पुन्हा खेळले असते ना, तर अण्णांनी दुसऱ्या राउंडलाच झोपवलं असतं त्यांना.”

अण्णांच्या तेराव्याला जेवणं आटोपल्यावर निखिलदादा कोणाला तरी सांगत होता. अण्णा म्हणजे माझे मोठे काका, निखिलदादाचे वडील. आणि ‘त्यांना’ म्हणजे बस्त्याव अंकलना, जे तिथेच दाराजवळ, प्लास्टिकच्या स्टुलावर, ताकाचा ग्लास धरून बसले होते. त्यांनी ऐकलं. हसलेसुद्धा. “हो रं बाबा,” म्हणाले, “तुझा बाप भारी होता.” मला मान वर करता येईना.

अण्णा आणि अंकल तरुणपणी एकाच वजनगटात बॉक्सिंग खेळायचे. एका वर्षी अण्णा जिल्ह्याचे चॅम्पियन झाले, फायनलमध्ये अंकलना थोड्याशा गुणांनी हरवून. पुढच्या वर्षी अण्णांचं मनगट मोडलेलं होतं, ते उतरलेच नाहीत, आणि किताब अंकलनी नेला. मग नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, दोघांचे ग्लोव्हज माळ्यावर गेले. परत मॅच झाली नाही ती नाहीच. पण आमच्या बिल्डिंगमध्ये आणि मरोळच्या गावठाणात, जिथे अंकलचं घर आहे, ती मॅच प्रत्येकाने आपापल्या मनात लावून टाकली होती. लग्नाच्या पंगतीत, क्रिकेट बघताना, कुठूनही विषय निघायचा. आमच्याकडचे म्हणायचे, अण्णांचे पाय बघा, हाताला लागायचे नाहीत ते. गावठाणातले म्हणायचे, बस्त्यावचा उजवा एकदा बसला की माणूस उठत नाही.

शेवटी दोघांनी ती खेळायचं ठरवलं. रिटायर झाल्यावर, अण्णांच्या गॅलरीत, खुर्च्यांवर बसून, तोंडाने. एकाने ठोसा सांगायचा, दुसऱ्याने तो कसा चुकवला ते सांगायचं. रोज संध्याकाळी थोडं थोडं. “डावा जॅब, कपाळावर.” “मान फिरवली. बाहेरून हूक.” “बाविसाव्या वर्षी तुला हूक येत होता का रे? खोटं बोलू नकोस.” “चर्चमध्ये शपथ घेऊ का, चल.” नियम एकच होता. ठोसा लागला की नाही हे मारणाऱ्याने ठरवायचं नाही. ज्याला लागला त्यानेच सांगायचं, ‘लागला’. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, असं कोण कशाला कबूल करेल? पण दोघं कबूल करायचे. कधी रस्त्याकडे बघत... पण करायचे.

मी त्यांची रेफरी झाले ती अशीच. घरात गोंधळ असला की लॅपटॉप घेऊन मी त्या गॅलरीत कामाला बसायचे. कुणाशी फारसं बोलायचे नाही. “ही बरी,” अण्णा म्हणाले, “ही कोणाच्याच बाजूने बोलणार नाही.” कालचा राउंड कुठे थांबला होता ते लक्षात ठेवायचं आणि कोणी पडलं तर दहा अंक मोजायचे, तोवर उठला नाही तर तो हरला, एवढंच माझं काम. मोजायची वेळ कधी आली नाही. पहिला राउंड एका पावसाळ्यात संपला, दुसरा दिवाळीपर्यंत चालला. दोन्ही बरोबरीचे. दोघांच्या मध्ये बसून मला जे वाटायचं ते मी घरी किंवा मैत्रिणींत कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही घडतच नव्हतं. दोन म्हातारी माणसं, चहा, आणि हवेत न उचललेले चार हात.

तिसरा राउंड अर्ध्यावर असताना अण्णांच्या छातीचं दुखणं वाढलं आणि ते पलंगावरून उठेनासे झाले. अंकल पलंगाशी येऊन बसायला लागले. त्या दिवसांत ते नुसते जॅब टाकायचे, हलके, चुकवता येतील असे. एका संध्याकाळी अण्णा चिडले. “बस्त्याव, नीट खेळ. पेशंटशी खेळतोयस का माझ्याशी?” अंकलनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग हळू म्हणाले, “डावा, पोटात. तुझा हात खाली आला... वरून उजवा.”

अण्णांनी डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. “लागला,” ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, “पडलो.” मग डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. “मोज.”

काकू तोपर्यंत स्वयंपाकघरातून बाहेर आल्या होत्या. निखिलदादा दारात उभा होता. “अंकल, काय चाललंय हे? माणूस आजारी आहे आणि तुम्ही त्याला मारताय?” अंकल उभे राहिले. चपला शोधायला लागले. अण्णा त्यांच्याकडे बघत नव्हते, माझ्याकडेच बघत होते. “मोज गं,” परत म्हणाले. सगळे बघत होते. मी चादर सारखी केली आणि म्हणाले, “अण्णा, झोपा आता.”

त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. त्याच आठवड्यात ते गेले.

मी काही वाईट केलं नाही असं सगळे म्हणतील. आजारी माणसाला झोपा म्हणाले, बस. पण अण्णांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं, आणि जे मागितलं ते औषध नव्हतं की पाणी नव्हतं. आयुष्यभर लोक ज्या मॅचचा निकाल अंदाजाने सांगत होते, तिचा खरा निकाल त्यांना स्वतःच्या तोंडाने कबूल करून टाकायचा होता, आणि मी त्यांची हार त्यांच्याकडून काढून घेतली. अंकलकडूनही काहीतरी काढून घेतलं. काकू त्यांच्याशी बोलेनाशा झाल्या. तेराव्याला ते आले तर आत या असंही कोणी म्हटलं नाही. म्हणून ते दाराशी बसले होते.

जेवणानंतर निखिलदादा फोनवर फ्लेक्सचं डिझाइन दाखवत फिरत होता. नाक्यावर लावायचा होता. तरुण अण्णा, ग्लोव्हज घातलेले, गार्ड वर. खाली मोठ्या अक्षरात ‘अजिंक्य’. सगळ्यांनी छान म्हटलं. त्याने तो अंकलनाही दाखवला. अंकलनी चष्मा लावून नीट बघितला, अण्णांच्या चेहऱ्यावरून अंगठा फिरवला, म्हणाले, “झकास. लाव.” मग फोन माझ्याकडे आला. “तू तर रोज बसायचीस तिथे,” दादा म्हणाला, “तूच सांग. मॅच झाली असती तर?”

हॉलमधले पंधरा-वीस चेहरे माझ्याकडे वळले, त्यात काकूंचा पण. अंकल खाली बघून मान हलवत होते, नको नको अशी. मी फोन दादाच्या हातात परत दिला.

“मॅच झालीय, दादा,” मी म्हणाले. “तिसऱ्या राउंडला अण्णा पडले. त्यांनी स्वतः सांगितलं, मोज म्हणाले, आणि मी मोजलं नाही. बस्त्याव अंकल जिंकले.”