मेकॅनिकलचा शेवटचा तास

आमच्या कॉलेजच्या वर्कशॉपमागे भंगाराचा एक ढीग आहे. दरवर्षी कोणीतरी म्हणतं, हा विकून टाकू, आणि दरवर्षी तो थोडा वाढतो. मेकॅनिकल डिपार्टमेंटच्या किश्श्यांचं तसंच झालंय. मुद्दाम कोणी जमवले नाहीत, फक्त कोणी उचलून नेले नाहीत!

यंदा मात्र डिपार्टमेंटच बंद होतंय. खामगावच्या अलीकडे, कपाशीच्या शेतांमध्ये आमचं कॉलेज. मी तिथेच शिकलो आणि आता तिथेच तासिकेवर शिकवतो. ॲडमिशन येईनात, म्हणून संस्थेने ठरवलं, ही बॅच बाहेर पडली की मेकॅनिकलला कुलूप. माझं एक वेळ निभेल, मी तरुण आहे. प्रश्न तायडे सरांचा आहे. पन्नाशी उलटली, आयुष्यभर पोरांना प्रॉब्लेम सोडवायला शिकवलं, आणि आता हातात दुसरी नोकरी नाही.

लोक विचारतात, ब्रँच बुडाली कशी? मी त्यांना किस्से सांगतो.

*

एका प्रॅक्टिकलमध्ये मशीनवर टप्प्याटप्प्याने लोड वाढवायचा आणि रीडिंग घ्यायचं. फार पूर्वी कुठल्याशा बॅचची शेवटच्या लोडला लाइट गेली. एका प्रामाणिक मुलाने रीडिंगच्या जागी 'लाइट गेली' असंच लिहिलं. पुढच्या बॅचने त्याचं जर्नल उतरवलं, त्यांचं त्याच्या पुढच्यांनी. प्रॅक्टिकल करतो कोण!

व्हायवाला बाहेरचे परीक्षक आले. पहिल्याला विचारलं, "शेवटच्या लोडला काय होतं?"

"सर, लाइट जाते."

दुसरा आला. "सर, लाइट जाते."

तिसरी मुलगी जरा हुशार. ती म्हणाली, "सर, पूर्ण लाइट जाते."

परीक्षकांनी भरीत-भाकर खाल्ली, सगळ्यांना पास केलं आणि गाडीत बसले. तायडे सरांना मात्र राहवेना. दुपारीच सगळ्यांना लॅबमध्ये हाकललं. "आज खरं रीडिंग घ्याचं. त्याच्याशिवाय कोणी घरी जाणार नाही."

मशीन सुरू झालं. एकेक लोड चढला. शेवटचा लोड लावला आणि वरचे पंखे थांबले.

मागून आवाज आला, "पाह्यलं का सर?"

*

अल्ताफ खामगावचा. वडिलांचं जिनिंगच्या मशिनी दुरुस्त करायचं दुकान. परीक्षेत कडबा कुट्टीच्या मशीनला लागणाऱ्या शाफ्टचा, म्हणजे फिरत्या दांड्याचा, व्यास काढायचा होता. अल्ताफचं उत्तर आलं चार मीटर! खाली दोन रेघा मारून, चौकट करून.

सरांनी लाल पेन उचललाच नाही. त्याला वर्गाच्या दारापाशी नेलं. "हात पसर." त्याने पसरले. "तुझ्या दोन्ही हातांच्या दुप्पट जाड शाफ्ट झाला हा. ह्या दारातून आत कसा आणशील बे?"

अल्ताफने दार नीट न्याहाळलं. "सर, आधी शाफ्ट ठेवू. मंग त्याच्याभोवती कॉलेज बांधू."

वर्ग फुटला हसून. सर हसले नाहीत. "तसंच बांधलं आहे," म्हणाले आणि पुढचा पेपर घेतला.

*

तपासणी कमिटी येणार होती. वर्षानुवर्षं लेथ या लोखंड कातायच्या मशीनचा नवा पट्टा मागत होतो, तो आला नाही. रंग आला! वरून हुकूम, "सगळं चकाचक दिसलं पाहिजे." रंगाऱ्याला कोणी काही सांगितलं नाही. त्याने लेथ पूर्ण रंगवली. जिथे तेल लागतं तिथेही हिरवा रंग, ज्या रुळांवर हत्यार सरकतं तिथेही हिरवा रंग.

कमिटीतल्या एका साहेबांनी मायेने मशीनवर हात ठेवला. हात हिरवा झाला.

"चालवून दाखवा," ते म्हणाले.

प्राचार्यांनी तायडे सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "वाळली नाही अजून."

मला वाटलं, आता उघडं पडणार सगळं. पडायलाच हवं होतं! साहेबांनी रुमालाने हात पुसला. रिपोर्टमध्ये आलं, 'वर्कशॉपची निगा उत्तम.'

ती लेथ त्यानंतर कधीच फिरली नाही.

*

उन्हाळ्यात आम्हा शिक्षकांना ॲडमिशन गोळा करायला गावोगाव पाठवतात. हातात रंगीत पत्रकं, डोक्याला रुमाल. मागच्या मे महिन्यात माझ्या गाडीवर मी आणि सर आमच्याच जिल्ह्यातल्या उंद्रीला गेलो. ब्रँच वाचवायची ती शेवटची संधी होती, हे दोघांनाही माहीत होतं.

एका मोठ्या शेतकऱ्याच्या ओसरीवर बसलो. मुलगी बारावी पास, गणितात चांगली. बाप जवळजवळ तयार होता. सहज विचारल्यासारखं त्याने विचारलं, "सर, तुमची पोरगी कुठं शिकून राह्यली?"

"पुण्याले."

"आं? तुमच्या सोताच्या कॉलेजात काऊन नाही टाकली?"

"मी शिकवतो ना तिथं," सर म्हणाले. "मले माहीत आहे."

तो माणूस पोट धरून हसला. आम्हाला चहा पाजला, वर चिवडाही दिला. त्याची मुलगी पुण्याला गेली.

परतताना मी चिडून गाडी थांबवली. "सर, एक खोटं बोलायला काय जात होतं? तुमची नोकरी जाईल ना!"

"त्यानं प्रश्न विचारला," सर म्हणाले. "मले उत्तर येत होतं."

*

कुलपाची बातमी पक्की झाल्यावर सरांनी दुसऱ्या एका कॉलेजात मुलाखत दिली. मुलाखत घेणारा त्यांचाच जुना विद्यार्थी निघाला! खुर्चीतून उठून पाया पडला. "सर, तुमच्यामुळे मी इथे बसलोय," म्हणाला. पेढा मागवला. मग बराच वेळ कागद चाळत राहिला. वय जास्त, ब्रँच जुनी, आता सगळ्यांना कॉम्प्युटरवाले हवेत, म्हणून नकार.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी त्या माणसाला नावं ठेवायला लागलो, तर सरांनी हात वर केला.

"नाही बाबू. स्टेप्स सगळ्या बरोबर होत्या त्याच्या. मी चूक शोधून पाह्यली, सापडली नाही. मीच शिकवलं आहे त्याले."

*

आणि मग शेवटच्या बॅचचा शेवटचा तास.

सिलॅबस संपला होता. पोरं म्हणाली, "सर, जाता जाता एक टिप द्या. प्रॉब्लेम सॉल्व्ह कसा कराचा?" मी मागच्या बाकावर मुद्दाम जाऊन बसलो होतो. वाटत होतं, आज तरी सरांनी संस्थेवर तुटून पडावं!

सरांनी फळ्यावर फक्त दोन शब्द लिहिले. डावीकडे 'गिव्हन', उजवीकडे 'टू फाइंड'. आमचं प्रत्येक गणित असंच सुरू होतं. काय दिलंय, काय काढायचंय.

खडू त्यांनी पोरांपुढे धरला. "बाहेर पडल्यावर तुमाले छापील प्रश्न कोणी देणार नाही. मांडाचा तुम्हीच. अर्धी दुनिया प्रश्न न मांडताच सोडवत बसली आहे. या, लिहा. काय दिलं आहे?"

डावी बाजू भराभर भरली. बंद झालेली ब्रँच. बॅकलॉग. कच्चं इंग्रजी. अल्ताफने लिहिलं, 'अब्बांचं दुकान'. कोणी लिहिलं, 'घरून रोज फोन'. जागा पुरेना.

"आता इकडं. काय काढाचं आहे?"

कोणी उठेना.

"पॅकेज!" एक जण बसूनच ओरडला.

"लिही ना मंग येऊन." तो आला नाही.

सर टेबलाला टेकून उभे राहिले. बाहेर शिपाई कुठल्यातरी खोलीतले बाक ओढून नेत होता, त्याचा आवाज येत राहिला.

शेवटी वैष्णवी उठली. लोणारची मुलगी, वर्गात क्वचितच बोलायची. तिने खडू घेतला आणि 'टू फाइंड'च्या खाली लिहिलं, 'सरांसाठी नोकरी'.

सरांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. मग पेपर तपासतात तशी डावी बाजू वरपासून खालपर्यंत एकदा नीट वाचली.

"डेटा कमी आहे, बेटा," ते म्हणाले.