व्हर्नाची करवत आणि दोनशे चाळीस व्होल्ट

शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाल्यावर आमच्या शेजारच्या व्हर्ना स्ट्रूपनं करवतीचं एक जुनं मशीन घेतलं. नातीसाठी अक्रोडाच्या लाकडाचा पलंग करायचा होता. मशीनची मोटार आमच्याकडच्या साध्या प्लगच्या एकशेवीस व्होल्टवरही चालायची आणि दोनशे चाळीसवरही. आतल्या तारा बदलल्या की झालं.

"एकशेवीस बास," नवरा हार्लन म्हणाला. "मोटार तीच, ताकद तीच. नवी लाइन कशाला?"

कागदावर त्याचं खरं होतं. पण गॅरेज घरामागे लांब, तिथवर गेलेली वायर जुनी, बारीक, आणि त्याच वायरीवर हार्लनचा फ्रीजर. एकशेवीसवर मोटार दुप्पट करंट ओढायची, तो त्या वायरीला झेपत नसे. जाड फळी लावली की करवत कण्हायची, अडकायची, लाकूड करपायचं आणि ब्रेकर पडून गॅरेजची वीज जायची. व्हर्ना दात-ओठ खात तळघरात जाऊन तो वर करायची. हार्लन खिडकीतून हसायचा. "अगं, दमानं घे जरा!"

ऐन उन्हाळ्यात एकदा ब्रेकर पडला आणि तिची सगळ्यात चांगली फळी वाया गेली. ब्रेकर वर न करता ती तशीच गाडीत बसली आणि लेकीकडे निघून गेली. परत आली तोवर फ्रीजरमधलं हरणाचं मांस सडलं होतं.

"माझं अख्खं हरीण नासवलंस!" हार्लन ओरडला.

"मी? तुझ्या चड्ड्या वाळवायच्या ड्रायरला या घरात दोनशे चाळीस व्होल्ट आहेत, आणि माझ्या करवतीला नाहीत!" तिचा आवाज आमच्या अंगणात ऐकू आला.

तिनं वायरमन बोलावला. तो म्हणाला, "मिस्टर स्ट्रूपना विचारून घेऊ का?"

"फळ्या मिस्टर स्ट्रूप कापणारेत का?"

त्यानं जाड वायर टाकली, वेगळा ब्रेकर बसवला, मोटारीच्या तारा बदलल्या. करवत आता न कण्हता अक्रोड कापू लागली. व्हर्नाचा राग मात्र उतरला नाही. करपलेल्या फळ्या पाहून ती संतापानं रडली.

पलंग झाला. चर्चच्या जेवणात सगळे त्याचं कौतुक करत होते, तेवढ्यात हार्लन म्हणाला, "मीच म्हटलं हिला, दोनशे चाळीसच घे."

व्हर्नानं ताट खाली ठेवलं. "हार्लन, खरं सांग."

तो हसला. बाकीचेही हसले. ती गाडीच्या किल्ल्या उचलून निघून गेली.

हार्लनला घरी सोडायचं माझ्यावर आलं. वाटेत म्हणतो, "एवढं काय चिडायचं त्यात?"

घर अजून थोडं पुढे होतं. मी गाडी तिथंच थांबवली आणि म्हटलं, "उतर."