गच्चीवरच्या दोन टाक्या

बहरीनमधल्या मुहर्रकला आम्ही राहायचो त्या इमारतीत वरच्या मजल्यावर समोरासमोर दोन अमेरिकन राहत. एक जॉर्जिया राज्यातला, साठीकडे झुकलेला, एकटा. दुसरा शेजारच्या टेनेसी राज्यातला, बायको आणि मुलींसह. दोघेही विमानतळावर विमानदुरुस्तीच्या कामात. खालच्या मजल्यावर आम्ही. मालक परदेशी राहायचा, म्हणून गच्चीची किल्ली त्याने आमच्याकडे ठेवली होती.

एका उन्हाळ्यात जॉर्जियावाल्याच्या नळाला दुपारनंतर पाणी येईना. दोन्ही घरांच्या टाक्या गच्चीवर शेजारी-शेजारी होत्या. संध्याकाळी तो किल्ली मागायला आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "तो माझं पाणी घेतोय. आणि हे काही आजचं नाही."

मला कळेना. मग चहा घेता घेता त्याने सांगितलं. दोनशे वर्षांपूर्वी दोन राज्यांमधली हद्द आखताना मोजणीदाराची रेघ चुकली, मैलभर दक्षिणेला सरकली. ती ठरल्या जागी पडली असती, तर टेनेसी नदीचा काठ जॉर्जियाला लागला असता. अजूनही दुष्काळ पडला की जॉर्जियाची विधानसभा हद्द सरकवण्याचा ठराव करते आणि टेनेसीवाले ते हसण्यावारी नेतात.

मी बेळगावची. सीमावाद मला कुणी समजावून सांगायला नको होता. आमचे बाबा दुकानाची पाटी कुठल्या भाषेत आहे ते बघून किराणा कुठून आणायचा ते ठरवत. म्हणून असेल, मला त्याचं म्हणणं लगेच पटलं. टेनेसीवाली बाई जिन्यात बादली घेऊन दिसली की माझी नजर बादलीत जायची. ती जिना पुसते, एवढंच, असं माझा नवरा म्हणायचा. मला ते खरं वाटत नव्हतं.

जॉर्जियावाल्याने टाकीच्या झाकणाला कुलूप लावलं. तरी पाणी जातच राहिलं. मग एक दिवस तो पुन्हा दारात आला. आत या म्हटलं तर आला नाही. गच्चीची किल्ली तुमच्याशिवाय आणखी कुणाकडे असते, असं त्याने विचारलं.

मी म्हटलं, "तुम्हाला काय म्हणायचंय ते सरळ म्हणा."

"काही नाही. मी फक्त विचारतोय."

आता संशय आमच्यावर होता. दुसऱ्या दिवशी मी वर जाऊन टेनेसीवाल्याला सगळं सांगितलं. त्याला नवल वाटलं नाही. उलट त्याचाच समज होता, की मालकाकडे तक्रार करता यावी म्हणून हा म्हातारा मुद्दाम स्वतःचीच टाकी रिकामी करतोय. शेवटी तोच म्हणाला, की सुट्टीच्या दिवशी दोन्ही घरांचे नळ बंद करू आणि सगळ्यांनी गच्चीवर उभं राहू.

शुक्रवारी सकाळी आम्ही वर गेलो. दोन्ही झाकणं उघडून पाहिली: जॉर्जियावाल्याची टाकी नुकतीच भरलेली, दुसरी अर्धी. नळ सगळे बंद. बघता बघता भरलेल्या टाकीतलं पाणी उतरू लागलं आणि शेजारच्या टाकीत चढू लागलं. नवऱ्याने खाली वाकून टाक्यांमागे हात घातला. दोन्ही टाक्या जोडणारा एक जुना पाइप तिथे होता, आणि त्याचा व्हॉल्व्ह गंजून अर्धा उघडा राहिला होता. एका घरात माणसं जास्त, वापर जास्त. पाणी आपोआप तिकडे जायचं.

जॉर्जियावाल्याने वाकून तो पाइप बघितला. मग म्हणाला, "म्हणजे माझं पाणी तुझ्याकडेच येत होतं."

"हो," टेनेसीवाला म्हणाला. "पण मी घेत नव्हतो."

व्हॉल्व्ह बदलला. जॉर्जियावाल्याला पाणी पुरू लागलं, तरी त्याने झाकणाचं कुलूप काढलं नाही. दोघे एकाच गाडीतून विमानतळावर जात राहिले, पण गाडीत बोलत नाहीत, असं टेनेसीवाली मला म्हणाली. आमची जॉर्जियावाल्याने कधी माफी मागितली नाही. जिन्यात भेटला की हवेबद्दल काहीतरी बोलायचा, मीही उत्तर द्यायची. त्याला चहाला मात्र मी पुन्हा बोलावलं नाही.