यान उतरण्याची जागा

माझं शिक्षण आठवीपर्यंत. पुढे गडहिंग्लजच्या एका खाणावळीत आधी भांडी, मग फोडण्या, आणि त्या फोडण्यांच्या जोरावर मी जपानात, निशी-कसाई नावाच्या भागातल्या भारतीय हॉटेलात आचारी म्हणून आलो. व्हिसाचं कार्ड खिशात आहे ना, हे अजून दिवसातून चारदा चाचपतो. असा मी, दुपारच्या सुट्टीत, अंतराळातली प्रेमकथा लिहायचो.

लिहायचो म्हणजे उतरवून घ्यायचो. कथा काकांची. आमच्या हॉटेलातून ज्यांच्या घरी डबा जायचा त्या बाईंचे ते वडील. बाई दिवसभर कंपनीत, काका सातव्या मजल्यावर एकटे. त्यांचे हात थरथरायचे, म्हणून ते सांगत आणि मी वहीत लिहीत असे. दुसऱ्या दिवशी कालचं पान भिंगातून तपासून चुकलेले शब्द माझ्याकडून दहादा गिरवून घेत. आठवी सोडलेल्याच्या हाती अख्खं यान दिलंय, म्हणायचे. पण मला शिकवायला इतका वेळ बसलेला माणूस दुसरा नाही.

कथेत एक बाई यान घेऊन दूरच्या ताऱ्याकडे जाते, नवरा पृथ्वीवर राहतो. यानात तिची दोन वर्षं सरतात, तेवढ्यात इथे चाळीस. तिच्या हनुवटीवर तीळ होता. तसाच तीळ भिंतीवरच्या फोटोत होता, हार घातलेल्या.

शेवटच्या प्रकरणात काकांनी डोळे मिटून सांगितलं की यान परत येत नाही, तो वाट बघत मरतो, संपलं. माझा हात चालेना. इथे रोज संध्याकाळी मुलांनी घरी जावं म्हणून खांबांवरच्या भोंग्यांतून एक सुरावट वाजते. मी लिहिलं, ती वाजली की खाडीकाठच्या बागेत, आकाशपाळण्याच्या पलीकडे, यान उतरतं.

दुसऱ्या दिवशी भिंग त्या ओळीवर बराच वेळ थांबलं.

“हे मी सांगितलं?”

“हो, काका.”

“मग ती मला ओळखेल का रे?”

ओळखेल, म्हटलं. आणखी काय म्हणणार?

त्याच्या पुढच्या दिवशी मोठी ऑर्डर होती, म्हणून सुट्टी न घेता मी कणीक मळत असताना भोंगे भलत्याच वेळी बोलू लागले. वयस्कर माणूस हरवला की बोलतात. माझं जपानी स्वयंपाकघरापुरतं. वय कळलं, राखाडी स्वेटर कळला, परदेशी हा शब्द कळला. तेवढ्यात बाईंचा फोन आला. डबा पोचवणाऱ्याला दार उघडंच मिळालं होतं, आत कोणी नव्हतं. काका कुठे असतील हे मला एकट्याला माहीत होतं. का, हेही. मालकांची सायकल घेऊन मी सुटलो.

वाटेतच सुरावट सुरू झाली. एका खांबावरचे सूर पुढच्या खांबापेक्षा जरा मागे, त्यामुळे पाण्याकडून कुणीतरी तीच सुरावट परत वाजवतंय असं वाटत होतं. बागेत चिटपाखरू नव्हतं. वाळूच्या कडेला बाकावर काका बसले होते, केस तेल लावून चापून बसवलेले. शेजारी नाणी टाकायच्या मशिनमधून घेतलेल्या गरम कॉफीचे दोन छोटे डबे. दोन्ही उघडलेले.

“उशीर केलास,” ते म्हणाले. “आत्ताच गेली. तिला फार गोड लागली ही.”

मी त्यांच्या पलीकडचा डबा उचलला. अर्धा रिकामा होता आणि अजून कोमट. काकांजवळचा काठोकाठ भरलेला.

घरी बाई इथल्या रीतीने कमरेतून वाकून माझे आभार मानत राहिल्या. मी मान वर केली नाही. आपण काय लिहिलं, हे त्यांना मी आजवर सांगितलेलं नाही.

चार दिवसांनी काकांनी वही पुढे सरकवली. ती पुन्हा यायचं म्हणालीय, लिही. ती येत नाही असं लिहावं तर हा माणूस खचेल. खाडी लिहावी तर पुन्हा पाण्याकडे जाईल, आणि थंडी वाढत होती.

मी विचारलं, “काका, या खेपेला यान इथेच उतरवू या का? सातव्या मजल्यावर?”

त्यांनी दाराकडे वळून बघितलं. “चालेल. पण तिला वाट सापडेल ना?”

“मी नीट लिहितो,” म्हटलं. इमारतीचं नाव, मजला, लिफ्टमधून बाहेर आल्यावर डावीकडचं दार, सगळं लिहिलं. एकही शब्द चुकला नाही. काकांनी पहिल्यांदाच काही गिरवायला लावलं नाही.

तेव्हापासून ते घर सोडून कुठे जात नाहीत. सुरावट सुरू झाली की दाराकडे तोंड करून बसतात. बाई म्हणतात, बाबा किती शांत झाले. माझीही कामावर परतायची वेळ तीच. वही मिटतो, बूट घालतो, बाहेर येतो. त्या वेळी लिफ्ट रोज खालून सातव्या मजल्याकडेच येत असते.

मी जिन्याने उतरतो.