दोन लांब पाकळ्या

शुद्धलेखन चुकेल, माफ करा. शाळा चौथीपर्यंतच झाली, आणि विड्या वळून बोटं इतकी कडक झालीत की अक्षरही वाकडं येतं. भुताखेताचं, बाहेरचं असलं मी कधी मानलं नाही. पण हे कुणाशी बोलायची लाज वाटते... म्हणून वहीत लिहितेय.

सोलापुरात आमच्या उंबऱ्यासमोर मी रोज सकाळी सहा पाकळ्यांचं फूल काढते. पंधरा वर्षं तेच. त्या सोमवारी दोन पाकळ्या लांबच लांब आल्या. पुसलं, परत काढलं — तसंच. तिसऱ्यांदाही तसंच. हात माझाच, पण माझं ऐकत नव्हता.

शेजारची लक्ष्मीअक्का हसली, "काय गं, आज मुग्गू पळून चाललाय व्हय?" तेलुगूत रांगोळीला मुग्गू म्हणतात.

त्याच दुपारी मी फोनवर कर्जाचं अॅप घेतलं. लेक बार्शीला दिलीय, तिच्या ओटीभरणाला पाच हजार कमी पडत होते. इंग्रजी येत नाही. ते जे विचारेल त्याला निळं बटण दाबत गेले... कारखान्यात दाखवतील तिथं सही करते, तसंच.

आठव्या दिवशी फोन आला. "दुप्पट भर, नाहीतर तुझा नागडा फोटो बनवून सगळ्यांना पाठवतो," एक माणूस हिंदीत ओरडत होता. माझ्या फोनमधली नावं तो वाचून दाखवत होता. विहीणबाईंचंही. दोन दिवस घास उतरला नाही. लेकीला माघारी पाठवतील, एवढंच डोक्यात. जीव नकोसा झाला.

शेवटी अक्काच्या लेकीला, स्वप्नाला फोन दाखवला. ती कॉलेजात कम्प्युटर शिकते. अॅप आपल्या फोनमधून काय काय घेतं, हे चित्रात दाखवायचा तिचा प्रोजेक्ट आहे. तिनं माझं अॅप तपासलं. तिच्या कम्प्युटरवर फूल उमटलं. सहा पाकळ्या, दोन लांबच लांब.

"ही नाव-नंबरची, ही फोटोंची. जितकी लांब तितका धोका, मावशी."

मी आमच्या उंबऱ्याकडे बोट केलं; त्या सोमवारपासून रोज तसंच फूल येत होतं. ती बघतच राहिली. "हे तुमाला कुणी दाखवलं? हे चित्र तर मी कालच जमवलंय!"

फोटोंची पाकळी बघून राहवलं नाही. तिथूनच बार्शीला फोन लावला. "विहीणबाई, माझा एक वाईट फोटो येईल..." पुढं रडूच फुटलं.

 विहीणबाई म्हणाल्या, "आलाय की सकाळीच. पुसून टाकला. तोंड तुमचं आन् अंग कुण्या पोरीचं, तेवढं कळतंय मला. ओटीला येताय का न्हाय, ते सांगा."

पोलिसांत तक्रार दिली, अॅप काढून टाकलं. स्वप्ना म्हणते, "जे त्यांच्याकडं गेलं ते परत येत न्हाय, मावशी." पण माझ्या हाताला आधी कसं कळलं, हे तिलाही सांगता येत नाही. मलाही नाही.

काल नवी पेठेत कानातलं मोडलं आणि घेतलेले सगळे पैसे फेडले. आज सकाळी फूल काढलं... दोन्ही पाकळ्या तेवढ्याच लांब.