हैबतीची कावीळ

आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या वाडीत बनुबाई काविळीची माळ द्यायची. मुळीचे तुकडे दोऱ्यात गाठी मारून ओवायचे, माळ डोक्यावर ठेवायची. ती दिवसागणिक लांबत गळ्यातून खाली सरकायची आणि पायांतून उतरली की कावीळ गेली. महाडचे वकील, मास्तरसुद्धा डॉक्टरला न सांगता गुपचूप यायचे. बनुबाई नारळाशिवाय काही घेत नसे, तोरा मात्र डॉक्टरहून वरचा.

तिचा एकुलता एक हैबती ट्रकवर क्लीनर होता. त्र्याण्णव साली घाटात गाडी कलंडली तेव्हा त्याला तीन बाटल्या रक्त चढवलं आणि जीव वाचला. पुढे दहा वर्षांनी बांधाच्या भांडणात त्याच्या हातून चुलतभाऊ मेला आणि तो पाच वर्षांसाठी तुरुंगात गेला. तिथे कैद्यांचं रक्त तपासलं, त्यात त्याला हेपटायटिस सी निघाला. बहुधा त्या जुन्या बाटल्यांतून आलेला, इतकी वर्षं मुकाट्याने यकृत पोखरणारा.

तुरुंगाच्या डॉक्टर मैथिली चिटणीस मोठ्या खटपटी. अर्जविनंत्या करून त्यांनी सहा महिन्यांची इंजेक्शनं मंजूर करून घेतली, आठवड्याला एक. मुलाखतीला आलेल्या बनुबाईला त्यांनी सोप्या शब्दांत सांगितलं, "आजी, मुलाला सी प्रकारची कावीळ आहे. पण औषध आहे त्यावर."

बनुबाई चक्क हसली. "कावीळच ना? मंग मी हाय की!"

म्हातारी धीराची आहे, असं बाईंना वाटलं. तो सोपा शब्द पुढे फार महागात पडला.

इंजेक्शनांनी हैबतीला ताप भरायचा, अंग ठेचून निघायचं, केस गळायचे. तिसऱ्या महिन्यात बनुबाईने जाळीपलीकडे त्याला पाहिलं आणि घरी येऊन माळ ओवायला घेतली. ओळखीच्या शिपायाच्या हाती तिने माळ आत पोचवली. एरवी माळ उतरायला पंधरा दिवस लागायचे. तेवढा धीर तिला कुठला? माळ लवकर लांबावी म्हणून तिने गाठी सैल मारल्या होत्या. पाचव्या दिवशी माळ पायाशी आली.

"बाय, कावीळ उतरली. आता सुई नको," हैबती डॉक्टरबाईंना म्हणाला. त्यांनी हात जोडले, हा आजार डोळ्यांत नाही, रक्तात आहे, असं परोपरीने सांगितलं. शेवटी त्यांनी बनुबाईलाच बोलावून घेतलं. "तुम्ही सांगा, तुमचं ऐकेल तो."

तिने एक शब्द टाकला असता तर पोराने सुई घेतली असती. पण मग माळ खोटी पडली असती. बनुबाई जाळीशी गेली आणि म्हणाली, "तुज्या मनाला येल तसा कर रे."

शिक्षा संपवून तो घरी आला तो पाण्याने फुगलेलं पोट घेऊनच. दोन महिन्यांत रक्ताच्या उलट्या सुरू झाल्या. महाडच्या डॉक्टरने मान हलवली.

शेवटच्या दुपारी तो आईचा हात धरून म्हणाला, "आये, तुजी माळ खोटी नाय गो. मीच आत पथ्य मोडलं. तेलकट खाल्लं. माजीच चूक."

सैल गाठींचं बोलणं बनुबाईच्या ओठांपर्यंत आलं होतं. तिने पदराने त्याचं तोंड पुसलं.

"व्हय रे बाळा," ती म्हणाली, "पथ्य मोडलंस तू."