सप्तापुरातल्या खोलीत कोंडलो तो दिवस

हुबळीच्या बाजारात आमचं गाद्या-पडद्यांचं दुकान आहे. बी.कॉम. झाल्यावर अप्पांनी मला “चार दिवस बस” म्हणून तिथं बसवलं, त्याला या गोष्टीच्या वेळी आठ वर्षं झाली होती. पुढं गिऱ्हाइकं, मागं कापूस पिंजायचं यंत्र दिवसभर धडधडत असायचं, आणि मध्ये मी.

एका दुपारी धारवाडला, सप्तापुरात, गाद्या पोचवायला गेलो. तिथं कॉलेजातली तिघं भाड्याच्या खोलीत रॉक बँड चालवायची. त्यांचा ड्रमर नोकरी लागून बेंगळूरला गेला होता. ड्रम तिथंच पडून. वर राहणाऱ्या घरमालकीण अक्कांनी ‘आवाज बंद करा, नाहीतर खोली सोडा’ असं बजावलेलं, म्हणून भिंतींना, खिडकीला, दाराला गाद्या ठोकायच्या. ठोकल्या.

गिटारवाला म्हणाला, “अण्णा, जरा ड्रम बडवा. आम्ही बाहेरून ऐकतो.”

“मला येत नाही.”

“बडवायला काय यायला लागतं?”

तिघं बाहेर पडली आणि सवयीनं कुणीतरी कडी घातली. कोपऱ्यावर काही ऐकू येईना, तशी खूश होऊन चहाला गेली.

पाच मिनिटं कसंबसं बडवून मी दार ढकललं. बंद. ओरडलो. पण गाद्या आमच्या दुकानच्या, कापूस चांगला; हाक खोलीतच राहिली. फोन टेम्पोत. भिंतीवरचा पंखा गादीमागं गाडलेला. घामानं अंग निथळायला लागलं. घसा बसल्यावर वाटलं, ड्रम तरी कुणी ऐकेल. बसलो आणि बडवत सुटलो. त्या पोरांवरचा राग निघाला, मग अप्पांवरचा, मग त्या आठ वर्षांवरचा. हात दमले तसे आपोआप पिंजायच्या यंत्राच्या ठेक्यात पडायला लागले. पायही आला. किती वेळ गेला, सांगता येणार नाही.

दार उघडलं तर अक्का, हातात उलथणं.

“साक माडप्पा, साक! पुरे कर! वर माझी भांडी नाचायला लागली!”

त्यांच्यामागं ती तिघं, तोंडं उघडी. माफी मागायची सोडून गिटारवाला म्हणाला, “अण्णा, रविवारी मोकळे आहात?”

नाही म्हणायला हवं होतं. “दुकान बंद असतं,” म्हणालो.

“तीन तास काय करत होतास?” दुकानात परतल्यावर अप्पांनी विचारलं.

“ठोकत होतो.”

पहिला कार्यक्रम उणकलच्या एका नव्या कॉलनीत झाला. ड्रम मागच्या भिंतीला लावलेले, पुढं स्पीकर आणि वायरी. सत्कार संपेनात, आणि मला लघवीला जायला वाट नाही. आमची वेळ आली तेव्हा मी असं सुसाट वाजवलं की गाणारा धापा टाकत मागं राहिला. लोक नाचले. त्यांना वाटलं, रॉक असंच असतं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या दुकानदारानं अप्पांना सगळं सांगितलं. अप्पांनी मला गल्ल्यापाशी बोलावलं.

“तुला आवडतं ते?”

असं त्यांनी मला कधी विचारलं नव्हतं. “हो,” म्हणालो.

“मग रविवारी जात जा,” म्हणाले, आणि गिऱ्हाइकाकडं वळले.

सोमवार ते शनिवार मी अजून दुकानातच असतो.